रात्री घड्याळ कुठे ठेवता?

खालच्या मजल्यावरचे काका रविवारी सकाळी आले, चपला दाराबाहेर काढल्या, चहाला नको म्हणाले आणि खुर्चीत टेकायच्या आधीच मनगटावरचं घड्याळ सोडून माझ्या टेबलावर ठेवलं. "पोरी, मागं पडतंय गं अजून. आठवड्याला दोन मिन्टं." आवाजात तक्रार नव्हती. भाजीत मीठ कमी आहे हे ज्या सुरात सांगतात त्याच सुरात त्यांनी ते सांगितलं. पण मला ते लागलं. आदल्याच रविवारी ते घड्याळ माझ्या हातून गेलं होतं, आणि जाताना अगदी बरोबर चालत होतं. मी घड्याळाची चाल मोजणारा टाइमग्राफर काढला, त्याच्या छोट्या माइकच्या चिमट्यात घड्याळ अडकवलं आणि काकांना पडदा दाखवला. ठिपक्यांच्या दोन रेघा एकमेकींना चिकटून सरळ आडव्या चाललेल्या. दिवसाला अधिक दोन सेकंद. साठच्या घरात वय असलेल्या एचएमटी जनताकडून याहून जास्त कुणी काय मागावं! काकांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "असंल. पण मागं पडतंय."

काका एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. मिनिटाच्या बाबतीत ते चुकणारे नव्हेत. आणि यंत्रही चुकत नव्हतं.

दोघंही खरं बोलत असताना मधली दोन मिनिटं जातात कुठे, हा प्रश्न घेऊन मी दिवसभर फिरत होते.

या घड्याळांच्या नादाला लागून मला आता सात वर्षं होतील. दिवसभर मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये असते. सूक्ष्मदर्शकातून बघणं, नाजूक काच हाताळणं, श्वास आवरून हात स्थिर ठेवणं हे तिथे रोजचंच. तरी घड्याळ उघडलं की जे वाटतं ते लॅबमध्ये कधी वाटत नाही. रात्री ओटा आवरून झाला की मी खिडकीजवळच्या टेबलावर पांढरा कागद अंथरते, दिवा खाली ओढते, पंखा बंद करते. पंखा बंद करणं फार महत्त्वाचं. धनकवडीत एप्रिलच्या रात्री पंख्याशिवाय बसणं सोपं नसतं, पण एका वाऱ्याच्या झोतासरशी उडून जाईल असा स्क्रू समोर असतो. मग झाकण उघडायचं. जुन्या झाकणातून एक वास येतो. थोडा तेलाचा, थोडा पितळेचा, आणि बराचसा त्या माणसाच्या घामाचा, ज्यानं ते घड्याळ वर्षानुवर्षं घातलं. भिंग डोळ्याला लावलं की आत बॅलन्स नावाचं एक लहानसं चाक जोरात इकडून तिकडे, तिकडून इकडे झोके घेताना दिसतं. सेकंदाला पाच ठोके, दिवसाला चार लाख बत्तीस हजार. ते चाक चालू असलं की मला कसलीच घाई उरत नाही.

सुरुवात जुन्या बाजारातून झाली. बुधवार-रविवारचा तो पसारा पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. नळाच्या तोट्या, ट्रान्झिस्टर, पितळी कुलपं, आणि या सगळ्यात एखाद्या चादरीवर बिस्किटाच्या डब्यात भरलेली घड्याळं. कुणाला काच नाही, कुणाला काटा नाही, कुणाची नुसतीच मशीन. मी पहिलं घेतलं ते बंद पडलेलं एचएमटी होतं. घरी आणून कानाला लावलं, चावी दिली, जरा हलवलं तर दहा-बारा सेकंद चाललं आणि थांबलं. त्या दहा-बारा सेकंदांनी मला धरलं. सरकारनं २०१६ च्या जानेवारीत एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करायचं ठरवल्यावर जुन्या जनता आणि पायलट घड्याळांना एकदम भाव आला. मग जांभळ्या, केशरी, पोपटी डायलची 'नवी' जनता विकायला येऊ लागली. संग्राहक तिला मुंबई स्पेशल म्हणतात. कुठून तरी जुळवलेली मशीन, नव्यानं रंगवलेलं डायल, अक्षरं जाड आणि वाकडी. मला ती पाहवत नाहीत. पांढऱ्या डायलवर बारीक देवनागरीत 'जनता' लिहिलेलं, काटे थोडे पिवळट पडलेले, काचेवर चरे उठलेले घड्याळ मला शंभरपट जास्त देखणं वाटतं, कारण त्यावरची प्रत्येक खूण कुणीतरी जगून उमटवलेली असते.

पहिल्या वर्षात मी एक घड्याळ कायमचं बिघडवलं, आणि ते माझं नव्हतं. लॅबमधल्या एका सहकाऱ्याच्या सासऱ्यांचं होतं. पुढे जातंय एवढीच तक्रार. मी चिमट्याचं टोक घड्याळाची चाल कमीजास्त करणाऱ्या रेग्युलेटरच्या दांडीला लावलं, टोक घसरलं आणि हेअरस्प्रिंगमध्ये शिरलं. ती स्प्रिंग म्हणजे केसाहून पातळ अशा धातूच्या पट्टीची सपाट गुंडाळी, उदबत्तीच्या धुराचं वेटोळं गोठवावं तशी. चिमटा बाहेर काढताना वेटोळं वर उचललं गेलं आणि क्षणात त्याचा शंकू झाला. मी तीन रात्री ते सपाट करायचा प्रयत्न केला, आणि प्रत्येक रात्री ते थोडं थोडं जास्त बिघडत गेलं. शेवटी ते घड्याळ घेऊन मी पेठेतल्या एका म्हाताऱ्या घड्याळवाल्यांकडे गेले. जिन्याखाली तीन फुटांचं दुकान, काचेच्या पेटीमागे ते, आणि वर एकच दिवा. त्यांनी भिंगातून पाहिलं, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "याला आता दुसरा बॅलन्सच घालावा लागेल." कुणी हात लावला, हे त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्या हातात एक टोक काढलेली लाकडी काडी दिली. "दांडी यानं सरकवायची. लोखंड आत न्यायचं नाही."

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडे जाऊन बसू लागले. त्यांनी शिकवलं असं नाही म्हणता येणार. त्यांनी बसू दिलं. पेट्रोलमध्ये मशीन धुताना, ब्रशनं दातरे साफ करताना, सुईच्या टोकावर तेलाचा थेंब घेऊन तो चाकाचा आस टेकतो त्या माणकाच्या खड्ड्यात असा सोडताना की खड्डा भरावा पण ओसंडू नये, मी नुसती बघत असे. थेंब जास्त झाला तर तेल पसरतं आणि जिथे हवं तिथून निघून जातं. पण त्यांची एक सवय मला तेव्हा कळली नव्हती. कुणी घड्याळ दुरुस्तीला घेऊन आलं की ते हातात घेण्याआधी गप्पा मारत. काय करता? दुकान आहे की नोकरी? मोटरसायकल चालवता? चावी सकाळी देता की झोपताना? झोपताना घड्याळ काढता की हातातच? गिऱ्हाईक घाईत असलं तर वैतागत असे. मला वाटायचं, दिवसभर एकटे बसतात, माणूस आला की बोलावंसं वाटत असेल. मग ते छोट्या कागदी पाकिटावर नाव, 'पुढे' किंवा 'मागे' आणि आणखी काहीतरी दोन अक्षरांत लिहीत आणि पाकीट खणात टाकत. ती दोन अक्षरं मी कधी वाचली नाहीत.

घड्याळ लावणं म्हणजे नेमकं काय, हे मला घरातल्या एका गोष्टीमुळे लवकर उमगलं. आई भजनी मंडळात तंबोऱ्यावर असायची. खुंट्या पिळून तारा जवळपास लावल्या की ती भोपळ्यावर हात ठेवून तारेतला मणी अंगठ्यानं तसूभर सरकवायची आणि डोळे मिटून ऐकायची. खुंटीनं जे होत नाही ते मण्यानं होतं. घड्याळातली रेग्युलेटरची दांडी हा तसाच मणी. तिच्या टोकाला दोन बारीक खुंट्या असतात आणि हेअरस्प्रिंगचा बाहेरचा वेढा त्यांच्या मधून जातो. दांडी एका बाजूला सरकवली की स्प्रिंगची झुलणारी लांबी कमी होते, चाक लवकर परततं, घड्याळ पुढे जातं. दुसऱ्या बाजूला सरकवली की मागे. डच शास्त्रज्ञ हॉयगेन्सनं १६७५ मध्ये चाकाला ही सर्पिल स्प्रिंग जोडलेलं घड्याळ लोकांसमोर आणलं, आणि आज माझ्या टेबलावर तीच युक्ती चालू आहे. केसभर सरकवायला जावं तर वीस सेकंदांचा फरक पडतो. हात लावला असं वाटावं न वाटावं, इतकाच स्पर्श करायचा आणि थांबायचं. चाकाला सावरायला वेळ द्यायचा. आईही मणी सरकवल्यावर लगेच दुसऱ्यांदा हात लावत नसे. आणि हो, तंबोरा ती मंडळातल्या ज्या बाईंना त्या दिवशी गायचं असेल त्यांच्या पट्टीत लावायची. एकीची काळी दोन, दुसरीची पांढरी पाच. तंबोरा तोच असायचा.

टाइमग्राफर आल्यापासून माझे कान थोडे आळसावले, हे मान्य करायला हवं. हे यंत्र घड्याळाची टिकटिक माइकनं ऐकतं. आपल्याला जो एक 'टिक' वाटतो त्यात खरं तर तीन आवाज असतात. अडकवलेला दात सुटतो तो, दात चाकाला ढकलतो तो, आणि पुढचा दात येऊन आदळतो तो. पहिल्या आणि तिसऱ्या आवाजातलं अंतर मोजून चाकाचा झोका किती अंशांचा आहे हे यंत्र सांगतं. दोन्ही बाजूंचे झोके सारखे नसतील तर ठिपक्यांच्या दोन रेघा एकमेकींपासून लांब पडतात. रेघा वर चढल्या तर घड्याळ पुढे, खाली उतरल्या तर मागे. हे सगळं पडद्यावर आकड्यांत दिसायला लागल्यावर एक मोह पडतो. शून्य दिसावं. पाच सेकंद पुढे जाणारं घड्याळ ८६,४०० मध्ये पाचनं चुकतं, हे किती थोडं आहे ते माहीत असूनही हात थांबत नाही. मी कित्येक रात्री अधिक तीनचा अधिक एक करण्यासाठी जागले आहे. समोर शून्य दिसलं की छातीतून एक दीर्घ श्वास बाहेर पडतो, खरंच पडतो. काकांचं घड्याळ मी पहिल्यांदा लावलं त्या रात्रीही तसंच झालं होतं. उताणं ठेवलं, अधिक दोन दिसलं, आणि मी पुढे पाहिलंच नाही. स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र द्यायचं तर मशीन पंधरा दिवस, पाच स्थितींत, तीन तापमानांत तपासतात हे मला पाठ होतं. तरी मी एका स्थितीवर समाधान मानलं.

म्हणून त्या रविवारी मी काकांना म्हटलं, घड्याळ तीन दिवस ठेवून जा. ते तयार झाले, पण उठताना दोनदा मनगट चोळलं. "मोकळं मोकळं वाटतंय," म्हणाले. दारापर्यंत गेल्यावर सवयीनं मनगट उलटं करून पाहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की काका डायल मनगटाच्या आतल्या बाजूला करून घड्याळ घालतात. स्टेअरिंगवर दोन्ही हात असताना हात न वळवता वेळ दिसते. निवृत्तीला चौदा वर्षं झाली तरी डायल आतच आहे.

रात्री मी झाकण उघडलं. पहिल्या वेळी मला मशीनचीच घाई होती, या वेळी झाकण आधी दिव्याखाली धरलं. आतल्या बाजूला सुईनं कोरलेल्या खुणा होत्या. घड्याळवाले दुरुस्ती केली की तिथे तारीख किंवा स्वतःची खूण कोरून ठेवतात, ही जुनी रीत. एक '८/७९', एक नुसता गोल आणि त्यात टिंब, एक '११-९१', आणि एक इतकी पुसट की तिरका प्रकाश पाडूनही लागली नाही. चार माणसांनी माझ्या आधी हे घड्याळ उघडलं होतं. त्यांच्याकडे टाइमग्राफर नसणार. घड्याळ देताना ते दुकानातल्या मोठ्या घड्याळाशी लावून देत असतील आणि आठ दिवसांनी परत या म्हणत असतील. आणि मधल्या सगळ्या वर्षांत काकांच्या गाड्या स्वारगेटहून वेळेवर सुटल्या होत्या.

मग मी ते सगळ्या बाजूंनी मोजलं. उताणं अधिक दोन. पालथं अधिक चार. चावी खाली करून उभं, उणे सहा. चावी वर, उणे बारा. सहा वर करून, अधिक वीस. आणि बारा वर करून, म्हणजे भिंतीवरचं घड्याळ असतं तसं, पूर्ण चावीवर उणे अठ्ठावीस. मी आकडा पुन्हा पाहिला. उणे अठ्ठावीस. बॅलन्सच्या चाकाचं वजन एका बाजूला किंचित जास्त असलं की असं होतं. आडवं असताना त्याचा उपद्रव कळत नाही, उभं केलं की ते वजन प्रत्येक झोक्यात लुडबुड करतं. खरा इलाज चाक बाहेर काढून त्याचं वजन सारखं करणं हा आहे. तो हात माझा नाही, आणि काकांच्या घड्याळावर तो हात बसवायचा नाही हे मी ठरवलं होतं. पण बारा वर करून घड्याळ उभं राहतं कधी? मनगटावर तसं फार वेळ राहत नाही. मनगट सतत फिरत असतं, दिवसभरात पुढे-मागे मिळून हिशेब जवळपास फिटतो. मग ते दिवसातला मोठा वेळ कुठे तरी उभं असलं पाहिजे.

तेव्हा मला ती कागदी पाकिटं आठवली. झोपताना घड्याळ काढता की हातातच?

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. काकांचं घर खालच्याच मजल्यावर. मी गेले तर दोघं जेवून बसले होते, काकू लसूण सोलत होत्या. मी विचारलं, "काका, रात्री घड्याळ कुठे ठेवता?" काकांनी आधी काकूंकडे पाहिलं, जणू हे तिला विचारायला हवं होतं. काकूंनी लसणाच्या हातानंच भिंतीकडे दाखवलं. कालनिर्णय ज्या खिळ्याला लटकत होतं त्याच खिळ्याला. "तिथंच की. लग्न झाल्यापास्नं बघते, आल्या आल्या खिळ्याला." मग काका सांगू लागले. मुक्कामी गाडी असायची, वाईच्या पलीकडे गावात रात्री गाडी लावायची आणि गाडीतच झोपायचं. घड्याळ हातात ठेवलं तर झोपेत दांड्यावर आपटायचं, खाली ठेवलं तर सकाळी अंधारात सापडायचं नाही. केबिनमध्ये एक खिळा होता. डोळे उघडले की समोर घड्याळ. पहाटे सव्वापाचला गाडी काढायची तर चारदा जाग यायची आणि चारही वेळा तिथेच बघायचं. प्रत्येक गाडीत खिळा सापडायचाच असं नाही, पण सापडायचा. घरी आल्यावर घरातही तो खिळा आला. बक्कल खिळ्यात अडकवायचं, घड्याळ खाली लोंबतं, बारा वर. रात्री नऊ ते सकाळी सात. सकाळी चहा झाला की चावी, बारा पीळ, त्याहून जास्त नाही. जास्त दिली तर तुटते, असं त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं.

मी वर आले आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या खिळ्याला ते घड्याळ बक्कल घालून टांगलं. सकाळी बारा पीळ दिले, दिवसभर लॅबला जाताना हातात घातलं, डायल आत करून. रात्री पुन्हा खिळा. दुसऱ्या रात्री अकरा वाजता यंत्रावर बारा वर करून धरलं तर उणे चाळीस. पूर्ण चावीवर उणे अठ्ठावीस होतं, पण रात्री खिळ्याला लागेपर्यंत चावीची स्प्रिंग उतरलेली असते, झोका लहान झालेला असतो, मग त्या जास्तीच्या वजनाचं जास्तच चालतं. दिवसाला चाळीस म्हणजे दहा तासांत साडेसोळा-सतरा. सात रात्री. जवळपास दोन मिनिटं.

काका बरोबर होते. यंत्रही बरोबर होतं. फक्त मी यंत्राला जे विचारलं ते काकांच्या घड्याळाच्या आयुष्यात घडतच नव्हतं. ते उताणं कधी पडलेलंच नव्हतं.

दांडी मी लाकडी काडीनं पुढे सरकवली. उताणं ठेवल्यावर अधिक एकोणीस दिसेल इतकी. यंत्राच्या पडद्यावर दोन रेघा चढ चढत निघाल्या. इतकी वर्षं ज्याला चूक म्हणायची सवय लागली ते मुद्दाम करताना हात अवघडला. दिवसा जेवढं पुढे जाईल तेवढंच रात्री खिळ्याला लटकून मागे येईल. मी एक वही ठेवते, त्यात प्रत्येक घड्याळाचे आकडे असतात. त्या रात्री वहीत एक नवा रकाना आखला: 'रात्री'. त्यात लिहिलं, खिळा, बारा वर. दोन अक्षरी शब्द लिहिताना पेठेतल्या त्या पाकिटांची पुन्हा आठवण झाली. ते घड्याळवाले आजोबा तेव्हा हयात नव्हते. दुकानाच्या जागी आता मोबाइलचे कव्हर मिळतात.

पुढच्या रविवारी काका आलेच नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी जिन्यात भेटले, मनगट उलटं करून दाखवलं आणि म्हणाले, "बरं हाय." मी मोबाइल काढला. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर भारतीय प्रमाणवेळेचे सेकंद सरकताना दिसतात. काकांच्या घड्याळाचा सेकंदकाटा चावी ओढली तरी थांबत नाही, म्हणून तो बारावर यायची दोघं जिन्यात उभे राहून वाट बघत राहिलो. चौदा दिवसांत चार सेकंद पुढे. मी काकांना चार सेकंद म्हटलं तर ते हसले. "चार सेकंदात गाडीचं दार पण लागत नाय." त्या दिवशी मला झालेला आनंद शून्य दिसल्यावर होतो त्याहून वेगळा होता. मोठा म्हणणार नाही. वेगळा होता.

त्या वर्षीच्या श्रावणात काकू गेल्या. फार आजारी नव्हत्या, दोन दिवसांचा ताप आणि मग एका पहाटे. आम्ही सगळे इमारतीतले लोक होतो, दहा दिवस जेवण आळीपाळीनं गेलं. मुलगा नाशिकहून आला, त्यानं काकांना बरोबर नेण्याचा आग्रह केला, काका गेले नाहीत. मी येता-जाता दार वाजवत असे. काका बोलायचे, चहा विचारायचे, रेडिओ चालू असायचा. घर नीट होतं. भिंतीवर कालनिर्णय होतं. मला वाटलं, सावरतायत.

दसऱ्यानंतरच्या एका रविवारी सकाळी बेल वाजली. काकांनी चपला काढल्या, खुर्चीत बसले, या वेळी चहाला हो म्हणाले, आणि घड्याळ टेबलावर ठेवलं. "आता पुढं जातंय. आठवड्याला दोन मिन्टं." माझ्या मनात पहिलं आलं ते लोहचुंबक. घड्याळ अचानक पुढे पळायला लागलं की बहुतेक वेळा हेअरस्प्रिंगमध्ये चुंबकत्व शिरलेलं असतं. वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते. मोबाइलचं झाकण, पर्सची चाप, रेडिओचा स्पीकर, कशानंही होतं. मी होकायंत्र काढून घड्याळाजवळ नेलं. सुई हलली नाही. टाइमग्राफरवर ठेवलं: उताणं अधिक एकोणीस. बारा वर करून, पूर्ण चावीवर उणे अकरा. वहीत पाहिलं. तेच आकडे, मी सोडले होते तसेच. झोका तेवढाच. घड्याळात काहीही बदललेलं नव्हतं.

मी रकान्याकडे पाहिलं. 'रात्री: खिळा, बारा वर.'

"काका, रात्री घड्याळ कुठे ठेवता?"

काका कपाकडे बघत राहिले. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती लागत नव्हती. मग ते म्हणाले, "आता खिळ्याला नाय लावत. उशाशी ठेवतो." थोडं थांबून म्हणाले, "ती हुती तवा रात्री खोकायची, उठायची, भांडं वाजायचं. कायतरी चालू असायचं घरात. आता निजलं की कायच नाय. मग एक ताटली घेतली स्टीलची. पट्टा मोकळा करून त्यात ठेवलं की आवाज येतो चांगला. टक टक टक. मग लागतो डोळा."

मी स्वयंपाकघरातून एक लहान ताटली आणली, पट्टा मोकळा करून घड्याळ तिच्यात उताणं ठेवलं. एरवी कानाला लावल्याशिवाय न ऐकू येणारा ठोका स्टीलमधून उमटून खोलीत आला. सेकंदाला पाच. आम्ही दोघंही काही वेळ ते ऐकत बसलो.

मग मी पंखा बंद केला, झाकण उघडलं, लाकडी काडी घेतली. दांडी मागे आणली. एकदा, थांबून पुन्हा एकदा. पडद्यावरच्या चढणाऱ्या रेघा हळूहळू आडव्या झाल्या. अधिक एक. फेब्रुवारीत काकांनी पहिल्यांदा परत आणलं होतं तेव्हा जिथे होती, जवळजवळ तिथेच दांडी आली होती. वहीत 'खिळा' खोडला आणि पुढे लिहिलं: ताटली, उताणं. काकांनी घड्याळ हातात घातलं, डायल आत वळवलं, बक्कल दुसऱ्या भोकात लावलं. पूर्वी ते तिसऱ्या भोकात असायचं.

दारात चपला घालताना ते वळले. "का खिळ्याला लावू परत? त्याला बरं पडत असंल तर लावतो."

"नको काका," मी म्हटलं. "ताटलीतच ठेवा. त्याचं मी बघते."